काटा कोणाच्या हातात?

(भिवंडी येथे कापूस उत्पादक शेतकरी व यंत्रमाग कामगार यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांतील चर्चेसाठी.)

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो आणि भिवंडीच्या माग चालवणाऱ्या मित्रांनो,

सकाळी आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा आमच्याबरोबरच्या एका शेतकऱ्याने पहिल्यांदाच मागाचा खडखडाट ऐकला. त्याने विचारले, "आपल्या कापसाचं शेवटी हेच होतं का?" म्हटले, होय. थोडे आपल्या कापसाचे, बरेचसे पॉलिएस्टरचे, पण कापड होते ते इथेच. विदर्भ-मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी आणि इथला कामगार एका सुताने बांधलेले आहेत. म्हणून ही बैठक आपण मुद्दाम इथे घेतली.

आजच्या विषयपत्रिकेत कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, पीक विमा आहे. चौथा विषय आहे 'निवडणूक आणि विधानसभेचा अध्यक्ष'. तो वाचून एक जण मला म्हणाला, "साहेब, अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण का बसेना, माझ्या कापसाला त्यानं क्विंटलमागं दहा रुपये तरी वाढतात का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता आले नाही तर हा विषय पत्रिकेतून काढून टाकावा, असे माझेही मत आहे.

उत्तर देण्याआधी घरातली एक गोष्ट सांगतो.

वडिलांचे एक वाक्य

मी लहान असताना वडिलांबरोबर बैलगाडीत बसून कापूस खरेदी केंद्रावर जायचो. एकाधिकार खरेदीचे दिवस. गाड्यांची रांग रात्रभर हलायची नाही. सकाळी ग्रेडर यायचा, गाडीत हात घालून मूठभर कापूस काढायचा, धागा ओढून बघायचा आणि ग्रेड सांगायचा. एकदा आमच्या पुढची गाडी आणि आमची गाडी एकाच शिवारातली होती. एकच वाण, एकच वेचणी. पुढच्या गाडीला वरची ग्रेड मिळाली, आम्हाला खालची. वडील तिथे काही बोलले नाहीत. परत येताना बैलांकडे बघत एवढेच म्हणाले, "त्याची बदली ज्याच्या हातात, त्याची गाडी पुढं होती."

त्यांनी ग्रेडरला चोर म्हटले नाही. तो माणूस म्हणून कसा आहे हे ते बघतच नव्हते. त्याचे पोट कोणाच्या हातात आहे, हे ते बघत होते. पुढे मी कृषीची पदवी घेतली, पुष्कळ पुस्तके वाचली. पण कारभार कसा चालतो हे त्या एका वाक्याइतके स्वच्छ मला कुठे सापडले नाही.

इथल्या कामगाराला हे वेगळे सांगायला नको. त्याची मजुरी मीटरवर. ताका मोजणारा कोणाचा माणूस, हा त्याचा रोजचा प्रश्न. आपला प्रश्न काटा कोणाच्या हातात, हा. विधानसभेचा अध्यक्ष हा राज्याच्या कारभाराचा काटा धरणारा माणूस आहे.

अध्यक्ष करतो काय?

सभागृहात २८८ आमदार. कोणी बोलायचे, किती वेळ बोलायचे, कापसाच्या नुकसानीवरची लक्षवेधी घ्यायची की नाही, स्थगन प्रस्ताव मान्य करायचा की फेटाळायचा, हे अध्यक्ष ठरवतो. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते. आपण वेचणी सोडून तिथे मोर्चा नेतो. मोर्चाचे गाऱ्हाणे आत पोचते ते अध्यक्षाने दार उघडले तर. तो स्वतः मत देत नाही. दोन्ही बाजूंना सारखी मते पडली तरच त्याचे मत. म्हणजे घटनेने त्याला काट्याची दांडी मानले आहे, पारडे नव्हे.

मते मोजायची की नुसता आवाज ऐकायचा, हेही खुर्चीवरचा माणूस ठरवतो. २० सप्टेंबर २०२० चा दिवस आठवा. राज्यसभेत शेतीची दोन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधी सभासद मतविभागणी मागत होते, ती झाली नाही. मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते, असे कारण खुर्चीवरून दिले गेले. ते कायदे चांगले होते की वाईट, यावर आपल्यातही दोन मते आहेत आणि असू द्यात. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे रद्द झाले, तेही दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेशिवाय. येताना मोजणी नाही, जाताना चर्चा नाही. कायदे आपल्या नावाचे आणि आपल्या माणसाला त्यावर धड बोलायलाही मिळाले नाही. कायद्याच्या बाजूचा असो की विरोधातला, प्रत्येक शेतकऱ्याचे यात नुकसान झाले.

१९८५ सालापासून अध्यक्षाच्या हातात आणखी एक मोठे काम आले. पक्षांतरबंदीचा कायदा आला, घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. एका चिन्हावर निवडून येऊन दुसरीकडे गेलेला आमदार अपात्र आहे का, याचा निवाडा अध्यक्षाने करायचा. म्हणजे काटाही त्याचा आणि न्यायासनही त्याचे.

आपल्या राज्यात काय घडले

आता महाराष्ट्राचा हिशेब मांडतो. कोणा एका पक्षाला झोडपायला मी उभा नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे सांगतो.

डिसेंबर २०१९ मध्ये श्री. नाना पटोले अध्यक्ष झाले. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि लगेच ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. आदल्या दिवशी साऱ्या सभागृहाचा, दुसऱ्या दिवशी एका पक्षाचा. त्यानंतर जवळजवळ सतरा महिने महाराष्ट्र विधानसभेला अध्यक्षच नव्हता. त्याच काळात, ५ जुलै २०२१ रोजी, भाजपचे १२ आमदार गैरवर्तनाबद्दल एक वर्षासाठी निलंबित झाले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी सांगितले की चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनेत बसत नाही. तोवर बारा मतदारसंघांतल्या लोकांना सभागृहात तोंड नव्हते.

मग जून २०२२ आला. शिवसेना फुटली. १६ आमदारांना अपात्र ठरवा, असे अर्ज झाले. त्या यादीत याच ठाणे जिल्ह्यातले श्री. एकनाथ शिंदे होते, अंबरनाथचे आमदार होते. आणि सिल्लोड, पैठण, मेहकर, चोपडा, एरंडोल इथलेही होते. ही गावे तुम्हाला नकाशात शोधावी लागणार नाहीत, तो आपल्या कापसाचाच पट्टा आहे. तेव्हा खुर्ची राष्ट्रवादीचे उपाध्यक्ष श्री. नरहरी झिरवाळ यांच्याकडे होती. त्यांनी २५ जूनला नोटीस काढली आणि २७ जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितले. दोन दिवस! सर्वोच्च न्यायालयाला मुदत १२ जुलैपर्यंत वाढवून द्यावी लागली.

सरकार बदलले. ३ जुलै २०२२ रोजी भाजपचे श्री. राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. आता तेच अर्ज त्यांच्यापुढे आले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितले की निर्णय अध्यक्षानेच करावा, पण वाजवी वेळेत करावा. तरी काम हलेना, तेव्हा न्यायालयाने तारीख बांधून दिली. ती एकदा वाढवावी लागली आणि शेवटी १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय आला. शिंदे यांचा गट हीच खरी शिवसेना, आणि कोणत्याही बाजूचा एकही आमदार अपात्र नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीच्या फुटीचा निर्णय आला. तिथेही कोणी अपात्र नाही. या निर्णयांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्यावर निकाल लागायच्या आत विधानसभेची मुदत संपली आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी नवे मतदानही होऊन गेले.

एका खुर्चीवर दोन दिवसांची घाई, त्याच खुर्चीवर पुढे दीड वर्षाची सवड. माणूस बदलला की काटा बदलतो. निर्णय बरोबर होते की चूक, ते न्यायालय बघेल. मी वेळेबद्दल बोलतो आहे. आपल्या धंद्यात वेळेची किंमत सगळ्यांना कळते. पाऊस आठवडाभर लांबला तर पेरणी मोडते. मग निवाडा दीड वर्ष लांबला तर काय काय मोडत असेल?

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. ऑगस्ट २०२२ पासून जुलै २०२३ पर्यंत राज्याचे कृषिमंत्री श्री. अब्दुल सत्तार होते. त्या १६ जणांच्या यादीत त्यांचे नाव होते. त्यांच्यानंतर श्री. धनंजय मुंडे कृषिमंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी शपथ घेतलेल्या राष्ट्रवादीच्या ज्या मंत्र्यांविरुद्ध अपात्रतेचा अर्ज झाला, त्यांत ते होते. म्हणजे लागोपाठ दोन खरिपांत ज्याच्या सहीने बियाणे, विमा आणि नुकसानभरपाईची कामे चालायची, तो माणूस आमदार तरी राहतो का, हाच प्रश्न अध्यक्षाच्या टेबलावर पडून होता. अशा मंत्र्याचे लक्ष बोंडअळीकडे किती आणि मुंबईतल्या तारखेकडे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. अध्यक्षाने कापसाला दहा रुपये वाढवून दिले नाहीत हे खरे. पण ते मागायचे कोणाकडे, ते दार दीड वर्ष अर्धवट उघडे राहिले, ते या खुर्चीमुळे.

निवडणूक आली की

आता मुख्य मुद्दा. विधानसभा विसर्जित झाली की सगळे आमदार माजी होतात. एकटा अध्यक्ष माजी होत नाही. घटनेच्या १७९ व्या कलमाप्रमाणे नव्या विधानसभेची पहिली बैठक भरण्याच्या क्षणापर्यंत तो पदावर राहतो. खुर्ची मोकळी पडू नये म्हणून घटनाकारांनी ही सोय केली. पण आपल्याकडे होते काय? पदावर असलेला अध्यक्ष पक्षाचे उपरणे गळ्यात घालून, पक्षाच्या चिन्हावर मते मागत फिरतो. श्री. नार्वेकर २०२४ मध्ये कुलाब्यातून भाजपच्या चिन्हावर लढले, जिंकले आणि ९ डिसेंबरला पुन्हा बिनविरोध अध्यक्ष झाले. श्री. हरिभाऊ बागडे २०१९ मध्ये फुलंब्रीतून भाजपच्या, श्री. दिलीप वळसे पाटील २०१४ मध्ये आंबेगावातून राष्ट्रवादीच्या चिन्हावर लढले. लोकसभेचे अध्यक्ष असलेले श्री. मनोहर जोशी २००४ मध्ये मुंबईतून शिवसेनेच्या तिकिटावर उभे राहिले आणि पडले.

यांपैकी कोणीही कायदा मोडलेला नाही. दुखणे तेच आहे. पाच वर्षे खुर्चीवर बसणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की पाचव्या वर्षी तिकीट पक्षाच्या कार्यालयातून मिळणार आहे. त्याची बदली ज्याच्या हातात, त्याची गाडी पुढे असणारच. देवमाणूस बसवला तरी शंका राहते, आणि शंका राहिली की बरोबर निवाडासुद्धा कोणी मानत नाही.

साधू शोधू नका, रीत बांधा

आपल्याला सवय आहे चांगला माणूस शोधण्याची. माझा अनुभव वेगळा आहे. पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिला असेल. ज्वारीच्या शेतात प्लॉट कुठे टाकायचा? शेतकरी म्हणतो इकडे, पीक विरळ आहे. विमा कंपनीचा माणूस म्हणतो तिकडे, कणसे भरली आहेत. म्हणून रीत बांधली आहे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, ठरलेल्या आकड्यांप्रमाणे पावले मोजायची आणि जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची. मोजणारा साधू असण्याची गरज नाही. रीत पाळली की पुरे. भांडण होते ते रीत मोडली तर.

अध्यक्षासाठी अशी रीत नवी शोधायची गरज नाही, ती जगात आहे. ब्रिटनमध्ये स्पीकर झालेला माणूस पक्ष कायमचा सोडतो. निवडणुकीत तो 'पुन्हा निवडून येऊ इच्छिणारा स्पीकर' म्हणून उभा राहतो आणि मोठे पक्ष बहुधा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आयर्लंडमध्ये तर मावळता अध्यक्ष निवृत्त होत नसेल तर तो आपोआप निवडून आला असे घटनाच मानते.

आपल्याकडेही बीज होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, कर्मभूमी अहमदाबाद. १५ मे १९५२ रोजी त्यांच्याविरुद्ध उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. मावळंकरांना ३९४ आणि मोऱ्यांना ५५ मते पडली. मावळंकरांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले नाही, पण पक्षाच्या वादात पडायचे नाही असे ठरवले. एवढा मोठा माणूस, तरी डिसेंबर १९५४ मध्ये त्यांच्यावरही पक्षपाताचा आरोप होऊन त्यांना काढण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी लोकसभेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पक्षाचा राजीनामा देऊन टाकला. पुढच्यांनी तो पायंडा चालवला नाही.

आणखी एक नाव घेतो, ते ऐकून तुम्ही कान टवकाराल. वि. स. पागे. रोजगार हमी योजनेचे पागे. दुष्काळात ज्यांच्या योजनेवर आपल्या घरच्यांनी नालाबांध घातले, खडी फोडली, तेच हे पागे. ते आपल्या विधान परिषदेचे सभापती होते आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या एका समितीचे प्रमुखही होते. त्या समितीने सांगितले की अध्यक्षाने निष्पक्षपणे आणि चांगले काम केले असेल, तर त्याला पुढच्या सभागृहातही खुर्चीवर राहू द्यावे. पाग्यांची एक सूचना महाराष्ट्राने उचलली आणि ती देशभर गेली. दुसरी कपाटात राहिली.

कायद्याची अडचण म्हणाल तर तीही नाही. दहाव्या परिशिष्टातच लिहिले आहे की अध्यक्ष झाल्यावर एखाद्याने पक्षाचे सभासदत्व सोडले, तर ते पक्षांतर धरले जाणार नाही आणि त्याचे पद जाणार नाही. १९८५ पासून हे दार उघडे आहे, महाराष्ट्रात त्यातून कोणी जात नाही. आणि अपात्रतेचा निवाडा अध्यक्षाकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यावा, याचा संसदेने विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २१ जानेवारी २०२० रोजी सुचवले. एरवी तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असेही म्हटले. ती सूचनाच राहिली.

एक आक्षेप

यावर कोणी विचारेल, मोठे पक्ष उमेदवार देणार नसतील तर त्या मतदारसंघातल्या लोकांनी काय करायचे? त्यांनी का म्हणून आपली निवड गमवायची? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून अनेक जण निवडून येतात, म्हणून तिथे लोकांना बाकीच्या जागा राहतात. आपल्याकडे एक मतदारसंघ, एक आमदार. म्हणून हा कायदा करू नये, संकेत असावा असे माझे मत आहे. अपक्षाला, लहान पक्षाला उभे राहण्याची मोकळीक राहीलच. ब्रिटनमध्ये २०१० साली स्पीकर बर्कोव यांच्याविरुद्ध लोक उभे राहिले होते, मतदारांनी स्पीकरला निवडले. अध्यक्ष नालायक निघाला तर मतदार त्याला पाडतील. तो अधिकार जात नाही. किंमत आहे, पण ती २८८ पैकी एका मतदारसंघात पडते. सध्याची किंमत सगळे २८८ मोजत आहेत.

आपण काय करायचे

दुसऱ्याला शिकवण्याआधी आपल्या घराकडे बघू. बारा आमदार निलंबित झाले तेव्हा आपल्यातले काही खूश झाले होते. १० जानेवारीच्या निर्णयाला दुसरे काही खूश झाले. मी दोन्ही वेळा बैठकीत होतो, मी कोणाला अडवले नाही. ही माझी चूक झाली. काटा आपल्या बाजूला झुकला की आपण त्याला न्याय म्हणतो, हा रोग पुढाऱ्यांना आपल्यापासूनच लागतो. उद्या आपला एखादा कार्यकर्ता निवडून आला आणि त्या खुर्चीवर बसला, तर 'आपला माणूस' म्हणून त्याच्याकडे चिठ्ठी घेऊन जाणारे पहिले आपणच असू. तसे होणार असेल तर आजचा विषय सोडून दिलेला बरा.

तसे होऊ द्यायचे नसेल, तर प्रत्येक जिल्हा बैठकीत एवढा ठराव घ्या. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला गावात चार प्रश्न विचारायचे. एक, तुमच्या पक्षाचा माणूस अध्यक्ष झाला तर त्याच दिवशी तो पक्ष सोडेल का? दोन, पदावर असलेला अध्यक्ष निवडणुकीत पक्षाच्या प्रचारापासून दूर राहील का? तीन, पक्ष सोडून चोख काम केलेल्या अध्यक्षाविरुद्ध तुमचा पक्ष उमेदवार न देण्याचे वचन देईल का? चार, अपात्रतेचा अर्ज तीन महिन्यांत निकाली काढण्याचे बंधन तुम्ही मान्य कराल का? उत्तर लिहून घ्यायचे, सही घ्यायची आणि कागद ग्रामसभेत वाचायचा. भाव, कर्ज, वीज यांचे प्रश्न विचारायचेच. पण ज्या सभागृहात त्यांची उत्तरे मिळायची, तिथला काटा आधी तपासून घ्यायचा.

वडिलांच्या त्या खालच्या ग्रेडने त्या वर्षी घरात किती कमी आले, हा हिशेब त्यांनी मला कधी सांगितला नाही. त्यांनी दाखवले ते एवढेच, की काटा बघताना काट्याकडे बघू नये, धरणाऱ्या हाताकडे बघावे आणि त्या हातामागे कोण उभा आहे ते बघावे. पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात जो येईल, त्याच्याकडे तसे बघा.